न दाखवलेल्या पंधरा रेघा

तक्रार तशी किरकोळच होती. सोमवारी सकाळी कार्यालय नुकतंच उघडलं होतं. प्लॉटरवर, म्हणजे पेनने आकृत्या काढणाऱ्या यंत्रावर, काम करणारे परुळेकर कागदाची एक लांब गुंडाळी काखेत मारून सुहिता तारीच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, पडद्यावर एक दिसतंय आणि कागदावर दुसरंच उमटतंय. माझं यंत्र जुनं आहे हे मान्य, पण ते मनाने रेघा मारत नाही."

ही गोष्ट २०४३ सालच्या मार्च महिन्यातली. सुहिता तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती आणि कोकणातले पूल आणि पाण्यातली इतर बांधकामं तपासणाऱ्या एका कार्यालयात दस्तऐवज विभाग सांभाळत होती. पाणबुडे आणि अभियंते आपापली रेखाचित्रं पाठवत. ती नीट करायची, अहवालात बसवायची आणि शेवटी 'मजकूर व आकृत्या पडताळल्या' या ओळीखाली सही करायची, हे तिचं काम. एकोणीस वर्षं ती हे करत होती, आणि तिची सही असलेला अहवाल कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे.

परुळेकरांनी आणलेली आकृती एका पंपघराची होती. कागदावर एका बोल्टभोवती बारीक आठ रेघा होत्या. पडद्यावर त्या जागी काहीच नव्हतं.

सुहिताने नेहमीचे उपाय केले. साठवून ठेवलेली दृश्यं पुसून आकृती पुन्हा उघडली. अहवालाला चुकून जुनी फाइल जोडली गेली आहे का ते पाहिलं. फार बारीक रेघ कधीकधी पडद्यावर उमटत नाही, म्हणून सगळ्या रेघांची जाडी दसपट केली. बाकीच्या रेघा जाडजूड झाल्या, पण त्या आठ आल्या नाहीत. आकृती आठशे पट मोठी केली, तरी बोल्टभोवती पांढरंशुभ्र. शेवटी तिने आकृतीच्या पोटात शिरून नुसती मोजणी मागितली. फाइलमधल्या रेघा दोन हजार तीनशे सहा, पडद्यावर काढलेल्या दोन हजार दोनशे अठ्ठ्याण्णव.

"मग या आठ गेल्या कुठं?" परुळेकरांनी विचारलं.

"गेल्या नाहीत," ती सावकाश म्हणाली. "आहेत तिथंच. आपल्याला दाखवल्या जात नाहीत, एवढंच."

फोटो हा ठिपक्यांचा बनलेला असतो. रेखाचित्राची फाइल तशी नसते. तिच्यात चित्र नसतंच, असतात त्या सूचना: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, इथं वळ, एवढ्या जाडीने ओढ. पूर्वीचे संपादक या सूचना एकेक करून पाळत आणि पडद्यावर चित्र उमटवत. पुढे एकेका आकृतीत लाखो रेघा येऊ लागल्या, पानं उघडायला मिनिटं लागू लागली, आणि सहा वर्षांपूर्वी 'झलक' आली. झलक सूचना पाळत बसत नसे. तिने कोट्यवधी रेखाचित्रं पाहिली होती. सूचनांच्या यादीवरून नजर फिरवून, हे चित्र साधारण कसं दिसत असणार याचा अंदाज ती बांधी आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून दाखवी. हजारात नऊशे नव्याण्णव वेळा अंदाज तंतोतंत निघे. हळूहळू सगळी कार्यालयं, सगळे टॅब्लेट, नवी छपाईयंत्रंसुद्धा झलकच वापरू लागले. मूळ रेघा मूळ सूचनांप्रमाणे ओढणारं यंत्र या इमारतीत एकच उरलं होतं: परुळेकरांचा पेनवाला प्लॉटर.

आणि झलक काय गाळायची? जे सहसा चित्रात नसतं ते. आखूड, वाकड्या, थरथरत्या, कशाला समांतर नसलेल्या रेघा. असल्या रेघा म्हणजे हात हलल्याच्या खुणा, हे ती शिकली होती. शिकली होती ती सुहितासारख्यांकडूनच. देशभरातल्या कार्यालयांनी वर्षानुवर्षं साफ केलेल्या आकृत्या तिच्यापुढे ठेवल्या गेल्या होत्या, आधीच्या आणि नंतरच्या. त्यांत सुहिताने साफ केलेल्या हजारो होत्या.

पंपघरातल्या त्या आठ रेघा निरुपद्रवी निघाल्या. कुणी अभियंत्याने बोल्टकडे लक्ष वेधायला हाताने मारलेल्या खुणा होत्या त्या. परुळेकर समाधानाने परत निघाले. पण सुहिता जागची हलली नाही. तिला दोन वर्षांपूर्वीची एक आकृती आठवली होती.

"परुळेकर," तिने हाक मारली, "यंत्र चालू आहे ना? आणखी एक आकृती काढायची आहे."

* * *

रवळनाथ कोयंडे हे सुहिताचे सख्खे मामा. वडील लवकर गेल्यावर ती आईबरोबर त्यांच्याच घरी, धामणखोलला वाढली. मामा पाणबुडे होते. खाडीच्या गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला हातभरावरचं दिसत नाही. तिथं पुलाचे खांब तपासायचे ते बोटांनी. चाळीस वर्षं मामांनी हेच केलं. पुढे स्पर्शमोजा आला. त्याच्या बोटांच्या टोकांना दाब मोजणारे संवेदक होते. बोट काँक्रीटवर जसं फिरेल तशी रेघ आपोआप नोंदली जाई, आणि पाणबुड्या वर येईपर्यंत खांबाचं रेखाचित्र तयार झालेलं असे.

दोन वर्षांपूर्वी मामांनी धामणखोलच्या पुलाचा चौथा खांब तपासला आणि वर येऊन सांगितलं की खांबाला तडा आहे, तळापासून पुरुषभर उंचीपर्यंत. कार्यालयात आकृती उघडली गेली. खांब स्वच्छ होता. समितीपुढे मामांना उभं केलं. एक तज्ज्ञ सौम्यपणे म्हणाले, वर्षानुवर्षं खोल पाण्यात काम केल्यावर बोटांची जाणीव कमी होते, भास होतात, यात कमीपणा काही नाही. मग त्यांनी सुहिताकडे वळून विचारलं, "आकृतीत तडा दिसतो आहे का?"

सुहिताने पडद्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. "नाही दिसत."

मामांचा परवाना त्या दिवशी रद्द झाला. ते भांडले नाहीत. सुहिता घरी गेली की पूर्वीसारखंच बस म्हणत, पण मामीने एकदा तिला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं: रोज दुपारी ते डोळे मिटून बसतात, मला तळहातावर तांदळाचे दाणे ठेवायला सांगतात आणि बोटाने चाचपून किती ते ओळखतात. बहुतेक वेळा बरोबर असतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

प्लॉटरचं पेन कागदावर खरखरत पुढेमागे जात होतं. खांबाची बाह्यरेषा आली, जोड आले, कालवं चिकटलेल्या जागा आल्या. मग पेन खाली तळाशी गेलं आणि तिथून एक रेघ ओढायला लागलं. तुकड्यातुकड्यांनी, वाकडी, वर चढत जाणारी. मधेच थांबलेली, पुन्हा सुरू झालेली. सुहिताने तुकडे मोजले. पंधरा होते.

परुळेकर चष्मा पुसत बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "हा तुमच्या मामांचा खांब ना?"

तिने मान हलवली. त्या पुलावरून त्या वेळी, सकाळी अकरा वाजता, बसगाड्या जात होत्या.

* * *

कार्यकारी अभियंता यामिनी देऊलकर यांनी तो कागद टेबलावर पसरून चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली. त्या तुटक बोलत, पण ऐकून घेत.

"ही दोन वर्षांपूर्वीची स्थिती," त्या म्हणाल्या. "आज तिथं काय आहे ते कुणाला माहीत?"

"कुणालाच नाही, मॅडम. गेल्या वर्षी पाण्याखाली फिरणारं यंत्र पाठवलं होतं. पण गाळात बोटभर रुंदीची फट त्याच्या ध्वनिलहरींना कळत नाही. आणि कळली असती तरी त्याची आकृती आपण झलकमधूनच पाहिली."

"पूल बंद केला तर पलीकडच्या बावीस गावांना अठ्ठावन्न किलोमीटरचा वळसा. एका कागदावर मी ते करू शकत नाही. कंपनीला विचारलंत?"

सुहिताने विचारलं होतं. तासाभरात उत्तर आलं होतं: झलक ही केवळ वाचनाच्या सोयीसाठी असून निर्णयासाठी मूळ फाइल पाहावी, असं वापराच्या अटींत नमूद आहे. तिने ते वाचून दाखवलं.

"हात लावून बघायला हवं," सुहिता म्हणाली. "नवे पाणबुडे यंत्रं चालवतात. गढूळ पाण्यात नुसत्या हाताने खांब वाचणारा माणूस या जिल्ह्यात एकच आहे."

"ज्याचा परवाना आपण काढून घेतला."

"माझ्या सांगण्यावरून."

मॅडमनी वर पाहिलं. "तारी, मी एका दिवसाची खास परवानगी देऊ शकते. पण आधीचा निष्कर्ष चुकीचा होता असं कागदोपत्री आल्याशिवाय मला ते करता येणार नाही. ते कुणीतरी लिहून द्यायला हवं. आणि जो लिहून देईल त्याची चौकशी होणार, हे मी आत्ताच सांगते."

सुहिताने तिथंच उभ्याने लिहिलं. 'मूळ फाइल न उघडता मी आकृती पडताळल्याची सही केली. समितीपुढे दिलेलं माझं उत्तर चुकीचं होतं.' खाली सही करताना रेघ जरा वाकडी गेली. तिने ती तशीच ठेवली.

* * *

मामा पडवीत बसले होते. "इलंस? बस," ते म्हणाले.

ती बसली नाही. तिने कागद त्यांच्यासमोर जमिनीवर उलगडला. "मामा, तू सांगलंस ता खरा होता."

मामा खाली वाकले. आधी त्यांनी नुसतं पाहिलं. मग उजव्या हाताचं बोट कागदावर टेकवलं आणि तळापासून त्या रेघेवरून वर नेऊ लागले. अर्ध्यावर, रेघ जिथं तुटली होती तिथं, बोट थांबलं.

"हयसर दगड होतो आडवो," ते म्हणाले. "वळसो घालून गेलंय." बोट पुढच्या तुकड्यावर गेलं. रेघ संपली तरी ते तिथंच राहिलं. "दोन वर्सां, सुहिता. दोन वर्सां मी माझ्याच हातांका लबाड म्हणत रवलंय."

तिला सांगायचं होतं की झलक कशी चालते, आपण मुद्दाम फसवलं नाही, सगळं जग तेच वापरतं. त्याऐवजी तिने कागदाचा वळलेला कोपरा दाबून धरला.

"तू फाइल उघडून बघलंस कित्याक नाय?" मामांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त जड गेलं.

"माका वाटला, दिसता ताच आसा."

मामांनी कागदाची सावकाश गुंडाळी केली. आत मामीने भांडी लावायची थांबवली होती.

"तुझा काय चुकला नाय, असा मी म्हणूचंय नाय," ते शेवटी म्हणाले. "कधी उतरूचा?"

* * *

भरती आणि ओहोटीच्या मधे खाडीचं पाणी थोडा वेळ थांबतं. गुरुवारी ती वेळ सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी होती. होडीत मामा, सुहिता आणि देऊलकर मॅडम, शिवाय होडीवाला. डोक्यावरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर पुलाच्या सांध्यातून टक्-टक् असा आवाज येत होता.

मामा सदुसष्ट वर्षांचे होते. मोजा चढवताना त्यांनी क्षणभर बोटं मिटून उघडून पाहिली. मग पाठीवरची हवेची टाकी सारखी करून, कमरेचा दोर सुहिताच्या हातात देऊन ते पाण्यात उतरले आणि तपकिरी पाण्याने त्यांना लगेच झाकून टाकलं.

तिच्या हातात फक्त दोर होता. तो सैल पडे, ताणला जाई, पुन्हा सैल पडे. लहानपणी ती या खाडीत मामांच्या पाठीवर बसून पोहायला शिकली होती. हे पाणी किती आंधळं आहे हे तिला ठाऊक होतं. सहा मिनिटं झाली. आठ झाली. नवव्या मिनिटाला दोर एकदम स्थिर झाला. ना ताण, ना सैलपणा.

"ओढा," मॅडम म्हणाल्या.

"थांबा. ते काहीतरी वाचताहेत."

अकराव्या मिनिटाला दोन झटके आले. मामा वर आले, होडीचा काठ धरला, पण चढले नाहीत. मुखवटा काढून धापा टाकत तसेच लोंबकळत राहिले. मग त्यांनी मोजा घातलेला उजवा हात पाण्याबाहेर काढला आणि डाव्या हाताच्या बोटाने त्यावर खूण दाखवली.

"हात आत गेलो," ते म्हणाले. "मनगटापर्यंत."

वरून एक बस गेली. टक्-टक्. देऊलकर मॅडमनी फोन काढला.

दुपारी बारा वाजता पूल बंद झाला.

* * *

लोक चिडले. ते साहजिक होतं. पूल तर समोर उभा होता, दणदणीत, उन्हात लखलखत. दुरुस्ती पावसाळ्यानंतरच सुरू होऊ शकत होती. तोवर माणसांसाठी होडी आणि गाड्यांसाठी अठ्ठावन्न किलोमीटर. धामणखोलच्या बाजारात सुहिताला ऐकू जाईल असं लोक बोलत. म्हाताऱ्याला आपला मान परत हवा होता आणि भाचीने तो मिळवून दिला, बावीस गावांच्या जिवावर. कुणीतरी मामांच्या कुंपणावर शेण मारलं.

कार्यालयात सुहिताचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. तिच्याकडे दुसरं काम आलं. सहा वर्षांतल्या सगळ्या आकृत्या परुळेकरांच्या प्लॉटरवर काढायच्या आणि पडद्यावरच्या दृश्याशी ताडून पाहायच्या. देऊलकर मॅडमचं पत्र इतर खात्यांना गेलं आणि तिकडूनही उत्तरं येऊ लागली. एका ठिकाणी विजेच्या आराखड्यातली हाताने काढलेली तार गायब होती. एका रुग्णालयात शल्यविशारदाने हृदयाच्या आकृतीवर ओढलेली रेघ पुढच्या पाळीच्या डॉक्टरांना दिसलीच नव्हती. सुदैवाने त्याने ती तोंडानेही सांगितली होती. सुहिता ही पत्रं वाचून फाइलला लावत असे.

जूनच्या मध्यावर पलीकडच्या काठावरच्या कातळसडा गावाहून बातमी आली. इब्राहिम मुकादम नावाच्या वयस्क गृहस्थांच्या छातीत दुपारी कळ आली. त्यांच्या मुलीने, नसीमाने, त्यांना होडीत घातलं. ओहोटी होती. होडी गाळात रुतली. पाऊण तास ती मधोमध अडकून राहिली, त्या बंद पुलाच्या सावलीत. रुग्णालय अलीकडच्या काठावर होतं, पुलावरून सहा मिनिटांच्या अंतरावर. इब्राहिमभाई होडीतच गेले.

नसीमा कातळसड्याच्या शाळेत शिक्षिका होती. दफनानंतर चार दिवसांनी ती कार्यालयात आली आणि सगळ्यांसमोर सुहिताला म्हणाली, "तुमची रेघ खरी असेल. पण माझे अब्बा तिच्यापायी गेले." सुहिता उभी राहून ऐकत होती. नसीमा गेल्यावर ती पुन्हा आकृत्या ताडायला बसली. त्या दिवशी तिने एकाच आकृतीतल्या रेघा तीनदा मोजल्या तरी आकडा जमेना.

* * *

नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, चौथा खांब गेला.

मोठा आवाज झाला नाही, असं पाहणारे सांगतात. वरच्या डोंगरांत पाऊस झाल्याने खाडीला लोट होता, त्यात भरती. खांब आधी किंचित कलला, जसा एखादा माणूस उभ्याउभ्या पेंगतो. मग त्याच्या दोन्ही बाजूंचे पुलाचे गाळे एकापाठोपाठ एक पाण्यात बसले. पुलावर कुणी नव्हतं. लाट दोन्ही काठांवर आली, होड्या एकमेकींवर आदळल्या आणि मग पाणी पुन्हा वाहू लागलं.

सुहिता संध्याकाळच्या आत धामणखोलला पोचली. दोन्ही काठांवर माणसं जमली होती आणि कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. मामांच्या पडवीतून ती मोकळी जागा सरळ दिसत होती. मामा पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. ज्यांनी शेण मारलं होतं त्यांच्यातले दोघे अंगणात येऊन, हात जोडून गेले. मामांनी त्यांना बसा म्हटलं नाही आणि जा असंही नाही.

मग अंगणात नसीमा मुकादम आली. होडीतून आल्यामुळे तिच्या सलवारीचा काठ ओला होता. ती पडवीच्या पायरीवर बसली. मामीने पाणी आणून दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

"बाई, एक विचारायचंय," ती सुहिताला म्हणाली. "आज दुपारपासून सगळे मला सांगताहेत. पूल पडणारच होता. त्या दिवशी आम्ही वर असतो तर आम्हीही गेलो असतो. अल्लाची मर्जी होती. अब्बांचं वय झालं होतं. सगळे चांगलं सांगताहेत." ती थांबली. "तुम्हाला खांबाचं सगळं माहीत आहे. त्या दिवशी पूल चालू असता, तर अब्बा वाचले असते?"

मामांनी सुहिताकडे पाहिलं. सोपी उत्तरं हाताशी होती, आणि ती दिली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. पूल बंद झाल्यापासून खांबाची मोजमापं घेतली जात होती, आणि सुहिताने जूनमधली सगळी पाहिली होती. खांबाची हालचाल तेव्हा आठवड्याला केसाएवढी होती. गाड्या चालू असत्या तरी जूनमध्ये खांब गेला नसता.

"हो," ती म्हणाली. "पूल त्या दिवशी पडला नसता. तुम्ही सहा मिनिटांत पोचला असता. बहुतेक ते वाचले असते."

मामीच्या तोंडून हलकेच 'अगो' निघालं. नसीमाने डोळे मिटले. तिच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हललं आणि थोडं पायरीवर सांडलं. ती रडत होती, पण आवाज न करता, आणि सुहिता तिच्यासमोर तशीच उभी होती.

"दोन महिने मी वाट बघत होते," पेला पायरीवर ठेवत नसीमा म्हणाली. "एकाने तरी हे म्हणावं."

समोर पाणी त्या मोकळ्या जागेतून समुद्राकडे चाललं होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील लावला. नसीमाने ओढणीने तोंड पुसलं, पायरीवर जरा बाजूला सरकली आणि म्हणाली, "उभ्या का आहात? बसा तुम्हीपण."

सुहिता तिच्या शेजारी बसली.